खोलीचा स्वर

गायक तोच, राग तोच. तरी जागा पालटली की गाणे पालटते. भोपाळ शहरात याचे दोन ठळक दाखले आहेत. शाहजहाँ बेगमेच्या कारकिर्दीत आरंभिलेली ताज-उल-मसाजिद १९८५ मध्ये पूर्णत्वास गेली. तिच्या घुमटांखाली उच्चारलेला शब्द कठीण भिंतींवरून परतून रेंगाळतो आणि संथ पठणाला साजतो. उलट, चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या व १९८२ मध्ये उघडलेल्या भारत भवनातील 'बहिरंग' हा रंगमंच खुल्या आकाशाखाली आहे. तेथे वर गेलेला स्वर परत येत नाही.

या परतणाऱ्या स्वराचा नेमका हिशेब प्रथम मांडला तो वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा प्रत्येक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढच्या शब्दांत मिसळून जाई. दोष शोधण्याचे काम या सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाकडे आले. रात्री रस्ते निजले म्हणजे सॅबिन सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मांडीत, ऑर्गनची एक नळी वाजवीत, आणि स्वर विरायला लागणारा वेळ मोजीत. पहाटेपूर्वी गाद्या जागच्या जागी परत जात. अशा अनेक रात्रींतून नियम हाती आला: खोलीचे घनफळ वाढले की अनुरणन लांबते, शोषण वाढले की ते आखडते. या नियमाच्या आधारे उभारलेले बोस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली उघडले.

आता हा नियम आपल्या घरात आणू या. पूर्वी ध्वनिमिश्रण हे आकाशवाणीसारख्या संस्थांच्या व चित्रपटांच्या ध्वनिगृहांत होई; आज भोपाळातला एखादा तरुण ते घरच्या संगणकावर करतो. त्याची खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच धरा. नुसत्या गिलाव्याच्या भिंती व फरशी असल्यास सॅबिन यांच्या सूत्राने अनुरणन सुमारे तीन सेकंद येते. दहा चौरस मीटर चांगले जाड शोषक बसविले तर मधल्या स्वरांपुरते ते अर्ध्या सेकंदाच्या आसपास उतरते.

खर्जाचे प्रकरण मात्र निराळे. चार मीटर लांबीच्या खोलीत सेकंदाला सुमारे ४३ कंपनांचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. त्याची लहर सुमारे आठ मीटरांची. तिला भिंतीवर चिकटविलेले अंड्यांचे पुठ्ठे काय अडविणार! तेथे कोपऱ्यांत जाडजूड भरीव शोषकच हवे. बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवीत न्यावा. बसल्या जागेवरून जेथे ध्वनिवर्धक दिसेल, तेथे जाड गोधडी थोडे अंतर राखून टांगावी. समोरासमोरच्या उघड्या भिंतींपैकी एकीला पुस्तकांचे कपाट लावावे.

हा खटाटोप कशासाठी? खोली खर्ज फुगविते म्हणून तरुण डग्ग्याचा आवाज उतरवितो. तेच गाणे दुसऱ्या घरी गेले की डग्गा हरवतो. म्हणजे खोलीचा दोष उलटा होऊन गाण्यात कायमचा उमटतो. वादकाची मेहनत अशी वाया जाऊ नये, एवढ्यासाठी यंत्रांवर पैसा खर्चण्याआधी टाळी वाजवून खोलीचे उत्तर ऐकावे. सॅबिन यांच्याही हाती गाद्या, नळी आणि कान यांखेरीज फारसे काही नव्हते.