इलेक्ट्रॉनिकी अभिकल्प अभियंता

कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होणाऱ्या उपकरणांची सर्किटे, त्यांतील घटक व पीसीबीची (मुद्रित सर्किट फलकाची) मांडणी ठरवणारा अभियंता. प्रयोगशाळेत एक नमुना चालवून दाखवणे हा कामाचा सोपा भाग होय; तेच सर्किट हजारो पीसीबींवर, घटकांच्या मूल्यांतील फरक सांभाळून, सारखेच चालणे ही खरी कसोटी असते.

मांडणीतले अनेक दोष सोल्डरिंगच्या भट्टीत उघड होतात. यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशाच्या वापरावर निर्बंध घातल्यानंतर शिसेविरहित सोल्डर रूढ झाले. ते सुमारे २१७° से. ला वितळू लागते. जुने कथिल-शिसे मिश्रण १८३° से. लाच वितळे. भट्टीत दिसणारा एक दोष असा: चिमुकल्या रोधकाचे एक टोक तांब्याच्या मोठ्या पृष्ठाला थेट जोडलेले असेल, तर ती बाजू उशिरा तापते. दुसऱ्या टोकाचे सोल्डर आधी वितळून घटकाला ओढते आणि तो ताठ उभा राहतो. जोडाभोवतीचे तांबे काढून फक्त अरुंद पट्ट्या ठेवल्या की हा दोष बहुतांशी टळतो.

सिरॅमिक धारित्र पीसीबीच्या कडेजवळ, कडेशी काटकोनात बसवल्यास, एकत्र बनवलेले पीसीबी सुटे करताना ते तडकू शकते. तडा बाहेरून बहुधा दिसत नाही आणि बिघाड ग्राहकाकडे गेल्यावर होतो. म्हणून हा दोष अधिक घातक. धारित्र कडेला समांतर ठेवावे.

तयार उपकरणाला चाचण्याही पार कराव्या लागतात; उदा. वाहनांतील इलेक्ट्रॉनिक भागांच्या विद्युत्‌चुंबकीय चाचण्या पुण्यातील एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या संस्थेत होतात.