शब्दांची मालकी : वरसईच्या भटजींचे हस्तलिखित

सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी लेख मागविले, तेव्हा आम्हा सिव्हिल लाइन्समधील काही कुटुंबांत पणजोबांच्या पेट्या उघडल्या गेल्या. जीर्ण वह्या हाती आल्या आणि प्रश्न उभा राहिला : हे लेखन कोणाचे? छापण्याचा अधिकार कोणाचा?

आम्हां झाशीकरांना अशा वेळी विष्णुभट गोडसे आठवणारच. पेणजवळील वरसईचे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि 1858 च्या वेढ्यात झाशीत सापडले. राणीसाहेबांचे शौर्य, शहराची लूट, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा विध्वंस हे सारे त्यांनी पाहिले. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून पुढे त्यांनी ते मोडीत लिहून काढले. लेखकाच्या निधनानंतर, 1907 साली, वैद्यांनी ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला. परंतु भाषेत व मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखित 1922 मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि 1966 मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ पाठ प्रसिद्ध केला. भटजींचे शब्द भटजींच्याच रूपात वाचकांपुढे येण्यास तब्बल 59 वर्षे लागली.

वैद्यांचे ऋण आम्ही मानतोच. त्यांच्यावाचून हा ग्रंथ जन्मलाच नसता. तथापि लेखकाच्या शब्दांना संरक्षण हवे, हेही तितकेच खरे. 1847 च्या कायद्यान्वये ग्रंथाची नोंद झाल्याखेरीज हक्कभंगाचा दावा लावता येत नसे. आज 21 जानेवारी 1958 पासून अमलात असलेला 1957 चा कायदा लागू आहे. त्यानुसार लेखन होताच हक्क उत्पन्न होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. मात्र वाद उद्भवल्यास नोंदवहीतील उतारा न्यायालयात सकृद्दर्शनी पुरावा ठरतो. साहित्यकृतीस शुल्क 500 रुपये आहे. अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते. अप्रकाशित लेखनाचीही नोंद होते. शिवाय कलम 57 प्रमाणे, हक्क दुसऱ्यास दिला तरी, लेखकाच्या प्रतिष्ठेस बाधक अशा विकृतीस विरोध करण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो.

लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. मरणोत्तर प्रथमच छापलेल्या लेखनाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे. म्हणून घरातील वह्यांबाबत वारसांनी एकत्र बसून ठरवावे, लेखकाचे नाव व तारीख लिहून ठेवावी, एक प्रत वेगळी करावी, आणि छापायला देताना अटी कागदावर आणाव्यात.

महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्या आपणांस भाषा हीच वडिलार्जित मिळकत आहे. जमिनीचे कागद आपण जपतो. वरसईच्या एका गरीब भिक्षुकाने झाशीचा इतिहास जगापुढे ठेवला; आपल्या पेट्यांतही असा एखादा भटजी वाट पाहत नसेल कशावरून?