विस्तार कार्डे व ड्राइव्ह-जोडण्या, संगणकाच्या

संगणकाच्या मुख्य मंडलफलकावरील स्लॉटमध्ये बसवून त्याच्याकडून नवे कार्य करवून घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान मंडलफलकास विस्तार कार्ड म्हणतात. पडद्यावर मजकूर उमटविणे, ड्राइव्हशी देवाणघेवाण करणे, दूरध्वनिवाहिनीवरून माहिती पाठविणे इ. कामे १९७५ ते १९९५ या कालखंडात बहुतांशी अशा कार्डांकडे असत. त्यामुळे संगणक अडला म्हणजे दोषाचा शोधही प्रायः येथूनच सुरू होई. मराठीच्या दृष्टीने या कार्डांना आणखी एक महत्त्व आहे. वैयक्तिक संगणकावर देवनागरी आणण्याचा एक प्रमुख मार्ग काही वर्षे विस्तार कार्डाचाच होता. साहजिकच कार्डाचा दोष हा लिपीचाही दोष ठरे.

कार्डे जोडण्याची सोय ‘अल्टेअर ८८००’ (१९७५) या संगणकात होती. ‘ॲपल २’ मध्ये (१९७७) आठ स्लॉट होते. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात पाच स्लॉट ठेवण्यात आले आणि त्याच्या मंडलांचे तपशील कंपनीने प्रसिद्ध केल्याने इतर उत्पादकांनीही कार्डे बनविली. हा खुलेपणा ग्राहकास लाभदायक ठरला. तंटेही त्यातूनच उद्भवले. प्रक्रियकाचे लक्ष वेधून घेण्यासाठी कार्डास एक व्यत्ययरेषा लागते. मूळ यंत्रात अशा आठच रेषा होत्या व त्यांपैकी काही घड्याळ, कळफलक इत्यादींनी व्यापलेल्या असत. १९८४ च्या ‘एटी’ प्रतिमानात त्या सोळा झाल्या, तरी एक रेषा दोन नियंत्रकांना परस्परांशी जोडण्यातच खर्ची पडे. कोणत्या कार्डाने कोणती रेषा घ्यावी, हे कार्डावरील सूक्ष्म खुंट्यांवर टोपणे बसवून ठरवावे लागे. दोन कार्डांनी एकच रेषा धरली की चमत्कारिक लक्षणे दिसत. पहिले व तिसरे अनुक्रमी द्वार सामान्यतः चौथी रेषा वापरीत. म्हणून पहिल्यावर माउस आणि तिसऱ्यावर मोडेम असल्यास मोडेम सुरू होताच माउस निश्चल होई. माउस बदलून अर्थातच काही साधत नसे.

दोषशोधनाची जी रीत या काळात रूढ झाली ती वैद्याच्या निदानाहून फारशी निराळी नव्हती. चालू होताना संगणक स्वतःची तपासणी करी व दोषाचा अंक पडद्यावर दाखवी. आयबीएमच्या यंत्रात ३०१ हा अंक कळफलकाचा, ६०१ फ्लॉपीचा आणि १७०१ हार्ड डिस्कचा दोष दर्शवी. अंक उमटलाच नाही, तर अत्यावश्यक नसलेली सर्व कार्डे काढून ती एकेक करून परत बसवावयाची व कोणत्या कार्डाबरोबर दोष परततो ते पाहावयाचे. तापण्यानिवण्याच्या क्रियेने कार्डे स्लॉटमधून हळूहळू वर सरकत. ती दाबून बसविणे एवढाच कित्येकदा उपाय असे. संपर्कपट्ट्यांवर साचलेला थर शिसपेन्सिलीच्या खोडरबराने पुसून काढीत. ही युक्ती हास्यास्पद वाटली, तरी गुणकारी होती. फार जोराने घासल्यास मात्र सोन्याचा पातळ मुलामाच निघून जाई.

ड्राइव्हच्या जोडण्यांत चूक बहुधा केबलीची असे. चपट्या केबलीच्या एका कडेची रंगीत रेघ पहिल्या तारेची खूण असते. केबल उलटी बसल्यास फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा अखंड जळत राही. आयबीएमच्या फ्लॉपी नियंत्रक कार्डाला मागील बाजूस ३७ टाचण्यांचे द्वार होते व त्यावर दोन बाह्य ड्राइव्ह चालत. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘स्कझी’ पद्धतीत एका नियंत्रकावर सात उपकरणे जोडता येत. परंतु प्रत्येकाचा क्रमांक वेगळा आणि साखळीच्या दोन्ही टोकांना समापक असावा लागे. समापक नसल्यास संकेत टोकावरून परावर्तित होत व ड्राइव्ह कधी दिसे, कधी नाहीसा होई. असा अधूनमधूनचा दोष शोधणे सर्वांत कठीण.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत देवनागरी संगणकाचे काम चालले होते व तेथील यंत्र १९८३ च्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आले. त्यातूनच मोहन तांबे यांच्या प्रयत्नांनी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाल्यावर हे काम तेथे आले. जिस्ट कार्ड बसविले म्हणजे इंग्रजीसाठी लिहिलेल्या मजकूरप्रधान कार्यक्रमांतही भारतीय लिप्या वापरता येत. अक्षरांचे आकार साठविण्याऐवजी वर्णांचे संकेतांक साठवावयाचे, हे त्यामागील तत्त्व होते. जोडाक्षर कसे दिसावे ते कार्ड ठरवी. ‘इस्की’ हा संकेतसंच पुढे आय. एस. १३१९४ : १९९१ या भारतीय मानकाच्या रूपाने स्वीकारला गेला.

कार्ड निकामी झाल्यास काय होई, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘नांदगाव’ हे नाव इस्कीत १९८, २१८, १६२, १९६, १८१, २१८ व २१२ अशा सात अंकांनी साठविले जाते. कार्ड नसलेल्या यंत्रावर आयबीएमचा मूळ संकेतसंच लागू होई व त्यात यांपैकी सहा अंक चौकटी आखण्याच्या रेघांचे आणि एक (अनुस्वाराचा) आघातचिन्हयुक्त रोमन स्वराचा आहे. गावाच्या नावाऐवजी मोडक्या कोष्टकाचे तुकडे दिसत. मजकूरच नष्ट झाला, अशी पाहणाऱ्याची समजूत होणे स्वाभाविक होते. वास्तविक एकही अंक बदललेला नसे. घाबरून फ्लॉपी नव्याने आखून घेतली, तर मात्र खरोखरच सर्व नाहीसे होई.

नासिक जिल्ह्यातील नांदगाव हे तालुक्याचे ठिकाण लोहमार्गाने नासिक रोडपासून सु. १०० किमी. आहे. अशा ठिकाणांचा उतारे, फेरफार, पावत्या इ. व्यवहार मराठीतच चालतो. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रायोगिक रीत्या सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा होता. पुढे हे काम तालुक्यांपर्यंत पोहोचले. जाणकार दुरुस्तीकार मोठ्या शहरात आणि यंत्र तालुक्यात, या स्थितीत बिघाड कार्डाचा की फाइलीचा एवढे जरी स्थानिक कर्मचाऱ्यास ओळखता आले, तरी बरेच नुकसान टळण्यासारखे होते.

‘पीसीआय’ (१९९२) व स्वयंजुळणीची पद्धत (१९९३) यांनी खुंट्या बसविण्याचे काम यंत्राकडे सोपविले. ‘यूएसबी’ने (१९९६) बाह्य ड्राइव्हसाठी कार्डाची गरजही संपविली. दोष तेवढे बदलले : यूएसबी २.० (२०००) च्या द्वारातून ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळे आणि काही हार्ड डिस्कना फिरू लागताना तो अपुरा पडे. अशी डिस्क टकटक आवाज करून थांबे व केबल दोषी ठरविली जाई. लिपीच्या बाबतीत मधला काळ मात्र पीछेहाटीचाच म्हणावा लागेल. विंडोज प्रणालीवर प्रत्येक विक्रेत्याने आपापले फाँट व आपापले अंक रूढ केले. फाँट नसला की मजकूर निरर्थक. इस्की-१९८८ वर आधारलेला युनिकोडमधील देवनागरी विभाग (१९९१) सर्वत्र वापरात येईपर्यंत ही अवस्था टिकली.

जुन्या इस्की फाइली युनिकोडमध्ये कोष्टकाने उतरविता येतात. खरी अडचण त्या वाचण्याची आहे. बाजारातील यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह ३.५ इंची असतात. ५.२५ इंची फ्लॉपीसाठी जुना ड्राइव्ह व त्याला जुळणारे नियंत्रक लागते. वाचण्यापूर्वी फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकतात, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जात नाही. ३.५ इंची फ्लॉपीत याउलट कोपऱ्यातील भोक उघडे ठेवावे लागते.