अंगणात आलेले बालमंदिर

वटवृक्षाखाली बसलेला दक्षिणामूर्ती शिव मौनानेच शिष्यांचे संशय फेडतो, असे आपली परंपरा सांगते. या दैवताच्या नावाने १९१० साली नानाभाई भट्ट यांनी भावनगरास जी संस्था स्थापिली, तिच्यात १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले. वकिलीचा व्यवसाय सोडून आलेल्या या गृहस्थांनी माँटेसरीबाईंच्या ग्रंथांचा अभ्यास केला होता. छडी व घोकंपट्टी त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेविली. आत गोष्टी, गाणी, नाटुकली व हाताळावयाची साधने आणिली. तत्त्व परदेशातून आले खरे. परंतु गोष्ट आणि गाणे त्यांनी गुजराथी घरांतलेच घेतले. बालमंदिर रुजले ते यामुळेच.

१९२३ साली ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या. त्यांची मातृभाषा मराठी, कार्यक्षेत्र मात्र गुजराथी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाचे 'शिक्षण पत्रिका' हे मासिक प्रथम गुजराथीत निघे, त्याची मराठी आवृत्ती १९३३ पासून ताराबाईंनी चालविली. १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला. एका भाषेत कमावलेली विद्या दुसरीत नेताना नुसते शब्द बदलून भागत नाही. त्या त्या घरची अंगाईगीते व खेळ शोधावे लागतात. दोन भाषांत वावरणाऱ्या ताराबाईंच्या कार्याचे मर्म येथे आहे.

या विद्येची खरी कसोटी मात्र १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी लागली. तेथे अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. बालवाडी काढली, तरी गरीब वस्तीतील मुले तिच्याकडे येईनात. तेव्हा मुलांनी शाळेत यावे हा आग्रह सोडून शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. तीच अंगणवाडी. तेथे मुलांना न्हाऊमाखू घालावयाचे, केस विंचरावयाचे, मग खेळ व गाणी. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने. त्यांना मोल पडत नसे.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांत गेले. वारली बोली मराठीच्याच कुळातली. तथापि पुस्तकी मराठी त्या मुलांना परकीच. शिवाय थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन हिंडणार, मुलगा गुरे राखणार. मग शिकणार कोण? म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आरंभिली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी हेच.

या इतिहासाचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. गोमंतकात घरी कोकणी व पोथीत मराठी, बेळगावास मराठीच्या शेजारी कानडी, बडोद्यास गुजराथी, अशा घरांतूनच आपली मुले वाढतात. तीन वर्षांच्या मुलाला दोन भाषांचे ओझे होत नाही. खेळता खेळता तो दोन्ही उचलतो. त्याला ओझे होते ते आपल्या घरचा शब्द चुकीचा ठरविला जाण्याचे. असे एकदोनदा घडले की मूल गप्प बसते. आणि या मुकेपणाला आपण शिस्त समजतो. दक्षिणामूर्तीच्या उपासकांनी तरी मौन कोणाचे असावे हे विसरू नये. मौन गुरूने धरावयाचे, ते शिष्याचे बोलणे ऐकण्यासाठी. आपल्या एखाद्या देवळाच्या अग्रशाळेत उद्या बालवाडी निघाली, तर आजीची कोकणी ओवी आणि मराठी बडबडगीत या दोहोंना तिथे सारखाच पाट मांडला जावा.