दाढेचे मूळ आणि ओठाची जाणीव

माजिवड्याच्या नाक्यावरून पाळीला जाणारा कामगार अक्कलदाढेचे दुखणे लवंग दाबून अंगावर काढतो. गाल सुजला म्हणजे दंतवैद्य गाठतो, आणि 'दाढ काढा' एवढेच ऐकून परततो. आम्हीही एकेकाळी तेवढेच ऐकले.

खालच्या अक्कलदाढेच्या मुळाजवळून जबड्याच्या हाडात एक मज्जातंतू जातो. तो दुखावला तर त्या बाजूचा ओठ व हनुवटी बधिर होते, क्वचित जन्मभरासाठी. चहा ओघळला तरी कळत नाही.

मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ सालचे. त्याची पन्नाशी उलटली तेव्हा, १९८४ साली, एक्युये व देबियाँ या फ्रेंचांनी निराळी तोड मांडली: दाढेचा माथा तेवढा कापावा, निरोगी मुळे हाडाच्या पातळीखाली राहू द्यावीत, वर हिरडी शिवावी. 'मूळ ठेवले तर सडेल' हा धाक जुना, लेखही फ्रेंचमध्ये.

२००५ साली लंडनच्या टारा रेंटन यांनी जोखमीच्या दाढांचा पडताळा छापला. समूळ काढलेल्या १०२ दाढांत १९ वेळा मज्जातंतू दुखावला. माथाच कापणे साधले त्या ५८ दाढांत एकदाही नाही. मात्र कापताना मुळे हलून ती काढावी लागली अशा ३६ दाढांत तिघांना इजा झालीच.

शिवाय मुळे पुढे वर सरकतात, कधी दुसरी शस्त्रक्रिया लागते. म्हणजे आणखी खाडे. खाडा परवडेल की बधिर ओठ, हे खुर्चीत बसलेल्याने ठरवायचे. त्याला क्ष-किरण चित्र दाखवून दोन्ही वाटा सांगणारे डॉक्टर आम्हाला थोडेच भेटले.