संमतीचे सहा तास

मृत्यूनंतर आप्ताचे अवयव द्यावेत काय, हा प्रश्न वऱ्हाडातील आपल्या कुटुंबांना नवा वाटतो. पण ख्रिस्तसभेत त्याचा विचार पूर्वीच झाला आहे. 1955 साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. पुढच्याच वर्षी पोप बारावे पायस यांनी नेत्रपटलाच्या प्रत्यारोपणाविषयी मार्गदर्शन केले. मृतदेहातून असे दान घेणे गैर नाही; मात्र ते कोणावर बंधन म्हणून लादू नये आणि नातलगांच्या संमतीचा मान राखावा, असा त्याचा आशय होता. भारतात 1994 च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली. 2000 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनीही काटेकोर तपासणीने ठरलेला मेंदूमृत्यू ग्राह्य मानला.

कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. अमरावती असो वा अकोला, अतिदक्षता विभागाबाहेर हे तास सरता सरत नाहीत. यंत्रामुळे छाती हलताना दिसते. आईला आशा सोडवत नाही. गावाहून थोरले काका यायचे असतात. अशा वेळी कायदा नातलगांचा शब्द मागतो; नातलग मात्र गेलेल्याची इच्छा आठवू पाहतात. ती घरात आधीच बोलली गेली असेल, तर होकार असो वा नकार, तो निर्मळ मनाने देता येतो. म्हणून रात्रीच्या रोझरीनंतर, सारे कुटुंब एकत्र असताना, हा विषय एकदा अवश्य निघावा.