तीन मांजरी, आठवड्याला एक शिलिंग

सप्टेंबर १८६८. लंडनच्या टपाल खात्यातील मनी ऑर्डर कार्यालयात उंदरांनी उच्छाद मांडला होता. कागद कुरतडले जात होते, आणि मनी ऑर्डरच्या कचेरीत कागद म्हणजेच पैसा. कार्यालयाच्या कंट्रोलरने वरिष्ठांकडे रीतसर मागणी केली : तीन मांजरे ठेवण्याची परवानगी द्यावी आणि त्यांच्या पोटासाठी आठवड्याला २ शिलिंग मंजूर करावेत.

टपाल खात्याच्या सेक्रेटरीने मांजरे मंजूर केली, पण रक्कम निम्म्यावर आणली. मांजरे प्रथम उमेदवारीवर ठेवावीत, त्या शक्यतो माद्या असाव्यात, त्यांना अति खाऊ घालू नये, आणि १ शिलिंगापेक्षा अधिक भत्ता मिळणार नाही, असा त्याचा शेरा होता. उरलेले वेतन त्यांनी उंदरांच्या रूपाने वसूल करावे. सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत, तर भत्त्यात आणखी कपात होईल.

हा शेरा आज गमतीची गोष्ट म्हणून सांगितला जातो, आणि तो गमतीचा आहेच. पण त्यात एक गंभीर हिशेबही दडलेला आहे. चार भिंतींच्या आत राहणाऱ्या मांजराला दिवसाला नेमके किती अन्न लागते? सेक्रेटरीने तीन मांजरींना अर्धपोटी ठेवले, की कंट्रोलरने मागणीच फुगवून केली होती? दीडशे वर्षांनंतरही याचा अंदाज बांधता येतो.

त्या काळी लंडनमध्ये मांजरांसाठी मांस विकणारे फेरीवाले दारोदार फिरत. मांस घोड्याचे असे. गाडी ओढून थकलेले, मोडलेले घोडे खाटीकखान्यात जात, त्यांचे मांस उकडले जाई आणि फेरीवाला ते काडीला टोचून विकत असे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या कष्टकऱ्यांवरील १८५१ च्या आपल्या ग्रंथात या धंद्याचे तपशील टिपून ठेवले आहेत. भाव पौंडाला अडीच पेन्स. सुट्टे तुकडे फार्दिंग, अर्धा पेनी, एक पेनी अशा दरांनी मिळत.

आता हाच भाव धरून सेक्रेटरीचा शिलिंग मोजू. एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स, म्हणजे प्रत्येक मांजरीच्या वाट्याला आठवड्याला ४ पेन्स. त्यात साधारण ७२५ ग्रॅम मांस येते, दिवसाला शंभर ग्रॅमच्या थोडे वर. घोड्याच्या शिजवलेल्या मांसात १०० ग्रॅममागे सुमारे १७५ कॅलरी असतात. म्हणजे मांजरीला दिवसाला सुमारे १८० कॅलरी मिळत होत्या.

आणि गरज किती? पशुपोषणशास्त्रात आज वापरल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे ४ किलो वजनाच्या सडसडीत, हिंडत्याफिरत्या मांजराला दिवसाला सुमारे २५० कॅलरी लागतात. एका उंदरात अंदाजे ३० कॅलरी असतात. म्हणजे उरलेल्या ७० कॅलरींसाठी प्रत्येक मांजरीला रोज दोन-तीन उंदीर पकडणे भाग होते. कंट्रोलरने मागितलेले २ शिलिंग मिळाले असते, तर त्याच मांजरीच्या पोटात ३६० कॅलरी गेल्या असत्या, गरजेच्या जवळजवळ दीडपट.

मेह्यूचा भाव १७ वर्षे आधीचा आहे आणि मांजरींच्या थाळीत रोज काय पडे, हे फायलीत लिहिलेले नाही. तेव्हा हा हिशेब अंदाजाचाच. तरीही त्याची दिशा स्पष्ट आहे. कंजूष वाटणारा सेक्रेटरी वास्तवाच्या अधिक जवळ होता. मांजरीला उपाशी मारायचे नाही, पण तिचे पोटही पूर्ण भरू द्यायचे नाही, ही रेषा त्याने कॅलरी हा शब्द मांजराच्या बाबतीत कोणी उच्चारण्याच्या कितीतरी आधी ओढली होती.

सहा महिन्यांनी अहवाल आला : मांजरींनी आपले काम चोख बजावले आहे. पुढे १८७३ साली भत्ता दीड शिलिंग झाला. मेह्यूच्याच भावाने तो मोजला तर मांजरीमागे दिवसाला २७० कॅलरी येतात. म्हणजे पाच वर्षांच्या नोकरीनंतर मांजरींचे पोट उंदरांवाचूनही भरू लागले. दरम्यान इतर टपाल कचेऱ्यांतही मांजरे नेमली जाऊ लागली होती.

मराठी घरांतही जुना हिशेब याहून फार वेगळा नव्हता. मांजरापुढे दूधभाताची वाटी ठेवायची, बाकीचे त्याने माळ्यावर आणि कणगीमागे पाहून घ्यायचे. फरक इतकाच की तिथे शेरा लिहायला कोणी सेक्रेटरी नव्हता.

या साऱ्या व्यवस्थेमागे एक समजूत होती : भुकेले मांजरच उंदीर मारते. ती अर्धीच खरी आहे. भुकेने शिकारीची ओढ वाढते, हे खरे. पण १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांपुढे त्यांचे आवडते खाणे ठेवले होते आणि ती खात असतानाच जिवंत उंदीर सोडला गेला. मांजरांनी खाणे सोडून उंदीर मारला, तो ताटलीपाशी आणला आणि पुन्हा आपले आवडते खाणे सुरू केले. मांजराची शिकार केवळ भुकेवर अवलंबून नसते. भत्ता दीड शिलिंग झाल्यावरही टपाल खात्याने मांजरे बंद केली नाहीत, याचे नवल म्हणूनच वाटू नये.

विसाव्या शतकात मात्र वेगळीच अडचण उभी राहिली : मांजराला खाऊ घालणारे हात वाढले. १९२९ साली ब्रिटनच्या गृहखात्यातील कर्मचारी कचेरीतल्या मांजराला इतके घास भरवू लागले, की ते उंदरांकडे पाहीना. उपाय म्हणून अर्थखात्याकडून दिवसाला एक पेनीचा अधिकृत भत्ता मिळवण्यात आला आणि कर्मचाऱ्यांच्या घासांवर बंदी आली. मांजराला पैसे मंजूर झाले ते त्याचे खाणे कमी व्हावे म्हणून! सरकारी दप्तरांत अशा नोंदी विरळाच.

टपाल खात्याच्या मुख्यालयात तर बंदीचाही उपयोग झाला नसता. १९५० साली जन्मलेला तिथला टिब्ज हा बोका आठवड्याला अडीच शिलिंग घेई, पण त्याचा मुक्काम असे कर्मचाऱ्यांच्या खानावळीत. त्याचे वजन २३ पौंडांवर, म्हणजे साडेदहा किलोंच्या आसपास गेले होते. १९५३ साली मांजरांच्या भत्त्याचा प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत विचारला गेला. सहायक पोस्टमास्टर जनरल डेव्हिड गॅमन्स यांनी उत्तरात कबूल केले, की ठिकठिकाणचे दर वेगवेगळे आहेत आणि पकडलेल्या उंदरांवरून मोबदला ठरवण्याची कोणतीही योजना जमू शकलेली नाही. टिब्ज १९६४ मध्ये वारला. मुख्यालयातील शेवटचे मांजर, ब्लॅकी, १९८४ मध्ये गेले.

तोवर मांजराचे जगच बदलले होते. १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो याने शोषक मातीचे कण मांजराच्या शौचासाठी विकायला सुरुवात केली. त्याआधी लोक राख नाहीतर वाळू वापरत. या मातीमुळे मांजराला दिवसरात्र घरात ठेवणे सोपे झाले, आणि हिशेबातला उंदीर कायमचा वजा झाला.

उंदरासोबत काय वजा झाले, हे कळायला आणखी काही दशके जावी लागली. मांजराचे शरीर टॉरिन हे द्रव्य पुरेसे तयार करू शकत नाही. ते आहारातूनच मिळावे लागते, आणि उंदरात ते भरपूर असते. टॉरिनच्या अभावी मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. १९८७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले, की नामांकित तयार खाद्य पोटभर खाणारी मांजरेही टॉरिन कमी पडल्याने हृदय निकामी होऊन मरत होती. टॉरिन दिल्यावर त्यांतली अनेक बरी झाली, आणि उत्पादकांनी खाद्यातले प्रमाण वाढवले. अर्धपोटी कारकुनी मांजरींवर ही पाळी आली नव्हती. नुसत्या दूधभातावर घरात कोंडलेल्या मांजरावर ती आजही येऊ शकते.

आजचे फ्लॅटमधले, नसबंदी झालेले, दिवसभर खिडकीत झोपणारे ४ किलोंचे मांजर दिवसाला सुमारे २०० कॅलरींत भागवते, काही तर त्याहूनही कमीत. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० कॅलरी असतात, तेव्हा त्याचा दिवसाचा वाटा ५०-५५ ग्रॅमच्या आसपास येतो. तोही एकदम नव्हे, तर दोन-चार वेळा विभागून, कारण उंदीर खाणारा हा प्राणी मुळात दिवसभरात अनेक लहान घास घेणारा आहे. वाटीत अंदाजाने ओतताना सहज जादा पडणारे १० ग्रॅम म्हणजे ३५ ते ४० कॅलरी. मनी ऑर्डर कार्यालयातील मांजरींना तेवढ्यासाठी एक आख्खा उंदीर पकडावा लागत असे.